माडी म्हणजे वरचा मजला नव्हे : कथास्पर्धांच्या परीक्षकांना आणि दिवाळी अंकांच्या संपादकांना खुले पत्र

सन्माननीय परीक्षक आणि संपादक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी एका स्पर्धेला मी कथा पाठवली होती. कथा परत आली आणि सोबत गुणपत्रिकेची झेरॉक्स आली. शेरे लेखकाला कळवायची ही पद्धत चांगली आहे, ती मोडू नका. माझी तक्रार शेऱ्यांबद्दल आहे. ‘निसर्गचित्रण’ या रकान्यात १० पैकी ३ गुण होते आणि खाली लिहिले होते की कथा गोव्यातली असूनही तीत समुद्र, पाऊस, हिरवाई यांचे दर्शन घडत नाही. शिवाय सातव्या पानावर, जिथे माझा नायक पडतो तिथे, समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात प्रश्न होता : ‘मजुराच्या घराला माडी कशी?’

आधी मी पोटभर हसले. घरी बाबांना वाचून दाखवले, तेही हसले. मग दोन दिवस तो प्रश्न डोक्यातून जाईना.

आमच्याकडे नारळाचा तो माड आणि सुपारीची ती माडी. रत्नागिरीकडे जिला पोफळ म्हणतात तीच. माझा नायक माडीवरून पडला, म्हणजे चाळीस-पन्नास फुटांवरून ओल्या, शेवाळलेल्या, हाताच्या कवेत मावणाऱ्या खोडावरून खाली आला. परीक्षकांनी त्याला जिन्यावरून पाडला. आता यात थोडी चूक माझीही आहे. पहिल्याच पानावर ‘सुपारीची माडी’ असे एकदा लिहिले असते तर प्रश्न मिटला असता. तो दोष मला मान्य. पण ते ३ गुण मला मान्य नाहीत, कारण ती अख्खी कथा उघडीप कधी मिळते याची वाट बघण्यावर उभी होती. सोळा पानांत एक माणूस आभाळाकडे बघत बसलेला आहे, आणि शेरा काय, तर कथेत पाऊस दिसत नाही.

आणि समुद्र. फोंडा, डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या पाच तालुक्यांना किनाराच नाही. आमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी समुद्र पाहिला तो जत्रेला किंवा इस्पितळात पणजीला जाताना, बसच्या खिडकीतून. गोवा म्हटले की समुद्र ही पर्यटन खात्याच्या फलकावरची व्याख्या झाली. ती आपणही धरून बसलात याचे नवल वाटते.

कथेत काय होते ते थोडक्यात सांगते, म्हणजे माझे म्हणणे कळेल. कुळागरातल्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतल्या, सुपारीवर पावसाळ्यात कोळेरोग येतो. सतत पाऊस, हवेत ओल, ऊन नाही, की हिरवी सुपारी देठापाशी कुजते, तिच्यावर पांढुरकी बुरशी धरते आणि माडीखाली सडा पडतो. दुर्लक्ष झाले तर घोसच्या घोस जातात. उपाय जुना आहे : बोर्डो मिश्रण. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर, दुसरी साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी. पहिलीला अडचण नसते. दुसरी येते नेमकी पुनर्वसू-पुष्याच्या मधे, तरणा आणि म्हातारा पाऊस दोघे कोसळत असताना. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांतच. त्या धारेतून तीन-चार तासांची उघडीप शोधायची, खोड थोडे निथळू द्यायचे, मारलेले औषध घोसावर सुकेपर्यंत पाऊस येऊ नये अशी आशा धरायची. नाहीतर मोरचूद गेला, चुना गेला, मजुरीही गेली.

माझे बाबा दुसऱ्यांच्या कुळागरांत माड्यांवर चढायचे. पायांत काथ्याचा फास, कमरेला कोयता. एका माडीचे काम झाले की खाली न उतरता वरच्या वर झोका घेऊन शेजारची धरायची. फवारणीच्या दिवसांत खाली एकजण पंप मारणार आणि नळीचे टोक घेऊन बाबा वर. आईचे काम मिश्रण करण्याचे, आणि मी आठ-नऊ वर्षांची झाल्यापासून तिच्या मदतीला. मोरचूद आदल्या रात्री भिजत घालायचा, तोही पत्र्याच्या डब्यात नाही, मातीच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात, कारण लोखंडाला तो खातो. सकाळी चुन्याची निवळी वेगळी. मग मोरचुदाचे निळे पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतायचे आणि काठीने ढवळत राहायचे. आभाळी रंगाचे दाट पाणी तयार होते. लगेच मारायचे नाही. बाबा ओरडायचे, “बाये, पयलीं सुरी बुडय!” घासून लख्ख केलेली लोखंडी सुरी त्यात क्षणभर धरायची. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, ते औषध कोवळ्या घोसाला भाजणार. आणखी चुना घालायचा, पुन्हा सुरी. पाते स्वच्छ निघाले की पंपात.

आता सांगा, यात निसर्ग कुठे आहे? माझ्या मते तो त्या सुरीच्या पात्यावर आहे. पाते बाहेर काढताना आई एक डोळा पात्यावर आणि एक आभाळाच्या पश्चिमेला ठेवायची, तिथे आहे. माझ्या कथेत हे होते. ‘घननीळ मेघमाला’ नव्हती. आमच्या घरी निळे काही असेल तर ते आईचे हात होते, ते आठ-आठ दिवस तसेच राहायचे.

कथेतला माणूस पडतो तो का पडतो? आठ दिवस पावसाने काम नाही. माडीमागे पैसे मिळतात, त्यामुळे काम नाही म्हणजे पैसे नाहीत. दुकानातली वही वाढलेली. नवव्या दिवशी दुपारी अर्धवट उघडीप येते. मालकाला कळते की घोस चालले आहेत, आणि चढणाऱ्याला कळते की खोड अजून निथळलेले नाही. दोघेही आभाळच वाचत आहेत, पण दोघांना ते वेगवेगळे वाचता येते, कारण एकाचे पीक जाणार आहे आणि दुसऱ्याचा पाय सटकणार आहे. माझ्या मते कथा इथे आहे. पाऊस या दोघांच्या व्यवहारातला तिसरा माणूस आहे. त्याचे वर्णन करत बसले तर तो माणूस उठून भिंतीवरच्या कॅलेंडरात जाऊन बसतो.

हे शहाणपण मला जन्मजात नव्हते. कॉलेजात असताना मी पहिली ‘ग्रामीण’ कथा लिहिली. तिची सुरुवात मला अजून पाठ आहे आणि मेल्यावरही राहील : सोनेरी किरणांत न्हालेली भातशेती वाऱ्याच्या झुळुकीवर डोलत होती, वगैरे. मोठ्या अभिमानाने बाबांना वाचून दाखवली. ते विडीचे पान दुमडत शांतपणे ऐकत होते. पहिला परिच्छेद संपला तसे त्यांनी विचारले, “हें शेत कोणाचें?” मी म्हटले, बाबा, कथेतले आहे, कुणाचेही असेल. ते म्हणाले, “आनी उदक कितलें आशिल्लें?” मला दोन्ही माहीत नव्हते. शेत कुणाचे आणि त्यात पाणी किती, एवढे कळल्याशिवाय त्या माणसाला पुढची गोष्ट ऐकण्यात रस नव्हता. त्यांनी विडी पेटवली आणि बाहेर गेले. तेवढी कठोर समीक्षा मला पुढे कुणी दिली नाही.

त्या दोन प्रश्नांवर मी आजही कथा तपासते, स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्या. शेत कुणाचे? पाणी किती? आपल्या स्पर्धांतल्या बक्षीसपात्र कथा मी दरवर्षी वाचते, कारण वाचनालयात माझे कामच ते आहे. बऱ्याच कथांत निसर्ग पहिल्या दीड पानात येऊन जातो. दव, पाखरे, धुके, डोंगराआडून डोकावणारा सूर्य. मग पात्रे बोलायला लागतात आणि सूर्य पुन्हा येतो तो शेवटच्या परिच्छेदात, मावळायला. मधल्या काळात तो कुठे असतो कोण जाणे. ते दीड पान कात्रीने कापून टाका आणि उरलेली कथा वाचा. काही बिघडले नाही ना? मग त्या दीड पानाला गुण कशाचे दिले?

उलट ‘बनगरवाडी’ घ्या. ती देशावरची, माणदेशी मेंढक्यांची कादंबरी, १९५५ सालची, आमच्या मुलखाशी तिचे काही नाते नाही. पण त्यातला पाऊस काढून दाखवा. तो न पडण्याने मेंढरे मरतात, माणसे उठून जातात, वाडी ओस पडते. तिथे दुष्काळ वर्णनाला आलेला नाही, वाडी मोडायला आलेला आहे. आणि आमच्या घरातले उदाहरण हवे असेल तर कोंकणीतली ‘अच्छेव’ ही कादंबरी आहे, १९७७ची. खाण गावात आली की शेत, नाती, देवळातला मान, सगळ्याचे काय होते, याचा तो हिशेब आहे. मराठी वाचणाऱ्या गोमंतकीयांपैकी किती जणांनी ती वाचली, हे मात्र विचारू नका. आपण कोंकणी-मराठीच्या भांडणात इतके गुंतलो की एकमेकांची पुस्तके उघडायची राहून गेली.

दुसरे उदाहरण माझ्या आजोळचे. आई चोडण बेटावरची. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे गेले की चोडण. पाहुणे तिथे येतात ते सालीम अली पक्षी अभयारण्यासाठी. दुर्बिणी, टोप्या, खारफुटीच्या जंगलातून होडीची फेरी. त्यांच्या लिखाणात खारफुटी कायम ‘गूढ’ असते. माझ्या मामाच्या तोंडून मी हा शब्द कधी ऐकला नाही. मामाची जमीन खाजन. खाजन म्हणजे खाडीच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेले, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेले शेत. ज्याने बघितले नाही त्याला वाटेल की पाण्याच्या खाली भात कसे पिकते. पिकते, कारण बांधात मानस असते. मानस म्हणजे लाकडी झडपांचा दरवाजा. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तो आपोआप मिटतो आणि सुकती लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतो. वीज नाही, मोटार नाही. त्या तोंडाशी रात्री जाळे लावून मासे धरायचा हक्क लिलावाने जातो. म्हणून मामाला तिथी पाठ. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, आणि भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकणार. मामाच्या घरी जेवणाची वेळ घड्याळावर कधीच नव्हती. सुकती रात्री दोनला असेल तर मामी दोनला उठून चहा करायची.

या बांधाला बारीक शत्रू असतात. कुर्ल्या बिळे पाडतात. आज करंगळीएवढे बीळ, उद्या त्यातून पाणी झिरपते, परवाच्या उधाणाला बांध फुटतो. एकदा खारे पाणी आत शिरले की पुढचे दोन-तीन पावसाळे मीठ धुऊन निघण्यात जातात. मामा बांधावरून चालायचा तेव्हा पायाच्या तळव्याने बांध दाबत दाबत चालायचा. मी लहानपणी त्याची नक्कल करायचे. लंगडतोय असे वाटायचे. तो कुर्लीची बिळे चाचपत असे.

मग मुले शिकली, नोकरीला लागली, शेत पडीक राहिले. पडीक खाजनात खारफुटी उगवते, आणि एकदा उगवली की कायद्याने तिला हात लावता येत नाही. म्हणजे जी खारफुटी बांधाच्या बाहेर उभी राहून लाटेचा मार खाते आणि बांध वाचवते, तीच आत शिरली की शेत परत शेत होऊ देत नाही. पक्षी बघणाऱ्याला दोन्हीकडची खारफुटी सारखीच सुंदर दिसते. मामाला आतली दिसली की तो मान फिरवायचा. कुणी चोडणवर कथा लिहिणार असेल तर मला त्या वळलेल्या मानेबद्दल वाचायला आवडेल. पर्यावरणवाल्यांना वाईट आणि शेतकऱ्याला बिचारा ठरवायची घाई न करता. मामाला खारफुटीचा रागही नव्हता. राग असेल तर स्वतःच्या मुलांवर होता, तोही तो बोलून दाखवत नसे.

शेत कुणाचे, हा बाबांचा प्रश्न गोव्यात फार खोल जातो. कूळ कायदा १९६४चा, भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणाऱ्या मुंडकारांना हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा १९७५चा. कागदावर पुष्कळ बदलले. पण ज्या घराच्या पडवीत आपण जन्मलो ती जमीन भाटकाराची, अंगणातला माड भाटकाराचा, नारळ भाटकाराचा, हे अजून ज्यांच्या आठवणीत आहे अशी माणसे हयात आहेत. वादळात अंगणात माडाची झावळी, चुडत, पडले. ते कुणाचे? आईला ते विणून शाकारायला हवे असायचे. तिने ते उचलायचे की आधी विचारायचे? वारा दोघांच्या घरांवरून सारखाच गेला, पण सकाळी दार उघडल्यावर त्या चुडताकडे बघून दोघांच्या मनात आलेली गोष्ट वेगळी. ‘वादळाने थैमान घातले’ एवढे लिहून जो लेखक पुढे जातो त्याच्या हातून ते चुडत निसटले.

काजूबद्दल मी फार लिहीत नाही, कारण काजूवर आपल्याकडे लिहिणारे पुष्कळ आहेत आणि बहुतेक हुराकाच्या पेल्यापासून सुरुवात करतात. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर जास्तच. एवढेच सांगते की भट्टीसाठी बोंडू झाडावरून ओरबाडत नाहीत, पिकून आपसूक पडलेला वेचतात. म्हणजे वेचणारी बाई रोज पहाटे अख्खा डोंगर चालते, कारण काल रात्री काय पडले ते झाडाने तिला विचारून ठरवलेले नसते. आणि ज्याने बाग लिलावाने घेतली आहे तो जानेवारीत आभाळ भरून आले की झोपत नाही, कारण ढगाळ हवेत मोहोरावर ढेकण्या पडतो आणि लिलावाचे पैसे बुडतात. चांदणी रात्र त्याला आवडते. कारण काव्य नव्हे.

समुद्र हवाच असेल तर समुद्राकडेही तेच. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद. त्या दिवसांत ट्रॉलरवरचे ओडिशा-झारखंडचे पोरगे गावी जातात, जेटीवर कुत्री आणि मांजरे उपाशी फिरतात, आणि ज्या कुटुंबाची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, आहे ते जाळी शिवत बसते. १९७०च्या दशकात रापणकारांनी ट्रॉलरविरुद्ध जे आंदोलन केले त्याचा मुद्दा एवढाच होता की किनाऱ्यालगतच्या पाण्यात मासे कोण धरणार. १९८०च्या कायद्याने त्यावर रेघ आखली. पाण्यावर आखलेली रेघ रात्री कोण बघतो, ही कथा अजून कुणीतरी लिहायची आहे. मी लिहू शकत नाही, मला पोहता येत नाही आणि रापणीचे शब्द मला उसने आणावे लागतील.

खाणीचे मात्र मला लिहायचे आहे आणि जमत नाही, हेही इथेच कबूल करते. आमच्या साहित्यात खाण आली की लाल धूळ येते, मेलेला ओहोळ येतो, राक्षसासारखी यंत्रे येतात. सगळे खरे आहे. डिचोली-सांग्याकडे शेतांत शिरलेला खाणीचा गाळ मी डोळ्यांनी पाहिला आहे. पण २०१२ साली खाणी थांबल्या आणि पुन्हा, सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर, मार्च २०१८ मध्ये बंद झाल्या तेव्हा माझ्या एका नातलगाच्या दारात कर्जावर घेतलेला ट्रक उभा होता. त्याच माणसाचे भातशेत गाळाने गेले होते. शेत गेले म्हणून ट्रक घेतला, आणि खाण गेली तेव्हा ट्रकही गेला. दोन पावसाळ्यांत ओहोळाचे पाणी निवळले. मी त्याला म्हटले, बघ, पाणी कसे स्वच्छ दिसतेय. त्याने ट्रकच्या हुडावर वाढलेली वेल ओढून काढली आणि काही बोलला नाही. हा माणूस कथेत आणला की मला दरवेळी त्याला कुठल्यातरी एका बाजूला उभे करावे लागते, आणि तो उभा राहत नाही. कथा चार वर्षे अर्धवट पडली आहे. ती अर्धवट का आहे हे आपल्यापैकी एखाद्या संपादकाने मला समजावून सांगितले असते तर मी त्यांचे पाय धरले असते. ‘निसर्गाचा कोप अधिक प्रभावीपणे यावा’ असा शेरा आला.

कुर्डीही आता अशीच वापरून वापरून गुळगुळीत झाली आहे. साळावली धरणात बुडालेले, मोगूबाई कुर्डीकरांचे ते गाव मे महिन्यात पाणी उतरले की वर येते. दरवर्षी कुणीतरी त्यावर कथा पाठवतो आणि तीत बुडालेल्या देवळाची घंटा ऐकू येते. मी एकदा मे महिन्यात गेले होते. घंटा नव्हती. एक म्हातारा चिखल सुकून फुटलेल्या भेगांमधून चालत होता आणि नातवाला सांगत होता की ही आपली विहीर नव्हे, आपली पलीकडे, तिला गोडे पाणी होते. नातू मोबाईलवर फोटो काढत होता. म्हाताऱ्याला विहिरीचा फोटो नको होता. कोणत्या विहिरीचे पाणी गोडे आणि कोणत्या विहिरीचे मचूळ, हे पोराला कळायला हवे होते, इतकेच.

आता कुणी म्हणेल, बाई, तुम्हाला सौंदर्याचे वावडे दिसते. कष्टकऱ्याला काय डोळे नसतात? असतात. बाबांनी मला एकदाच सांगितले आहे की पावसाळा ओसरल्यावर, भाद्रपदात, माडीच्या शेंड्यावरून सगळे कुळागर खाली हिरव्या पाण्यासारखे हलताना दिसते आणि लांब शेजारच्या गावच्या देवळाचा कळस चमकतो. ते एक मिनिट तिथे थांबायचे. एकच मिनिट, कारण खाली मालक उभा असायचा आणि चढणारा वर रेंगाळला तर तो हाक मारायचा. हाकेला उत्तर म्हणून बाबा उगाच कोयता खोडावर आपटायचे, काम चालू आहे असे वाटावे म्हणून. सौंदर्य त्यांनी असे मालकाच्या वेळातून चोरून बघितले. ते दृश्य माझ्या कथेत आहे, बाराव्या पानावर, चार ओळींत. परीक्षकांनी तिथे काही खूण केलेली नाही. कदाचित चार ओळी कमी पडल्या असतील.

म्हणून माझे म्हणणे असे. तो ‘निसर्गचित्रण’ हा रकाना गुणपत्रिकेतून काढून टाका. त्याच्या शेजारी ‘ग्रामीण बोली’ असा एक रकाना असतो, तोही काढला तरी चालेल, त्यानेच लेखक सगळ्या पात्रांना एकसारखे ‘व्हय रं’ म्हणायला लावतात, अगदी प्रियोळ-म्हार्दोळातल्या माणसालासुद्धा. रकाना असला की लेखक तो भरतो. मीही भरला असता, ३ गुण कुणाला आवडतात? स्पर्धेच्या जाहिरातीत ‘गोव्याच्या निसर्गरम्य पार्श्वभूमीवरील कथा’ असे छापता, ते निदान या वर्षी नको. पार्श्वभूमी फोटो स्टुडिओत असते. तिथे मागे काश्मीर टांगता येते आणि पुढे बसलेल्याच्या अंगाला थंडी वाजत नाही.

दुसरे, मोरड, खेर, खाजन, सरद, वायंगण, मेर, मानस, पोवली असले शब्द आले तर ते कापू नका आणि कंसात अर्थही मागू नका. वाचक बुद्धू नसतो. वायंगण काय ते वाक्य वाचून कळत नसेल तर वाक्य पुन्हा लिहायला सांगा, लेखक लिहील. एका अंकात माझ्या मैत्रिणीच्या कथेतले ‘मेर’ मुद्रितशोधनात ‘मेरू’ झाले आणि तिची आजी सकाळी उठून मेरूवरून चालत गवत आणायला गेली. आजीचा हेवा वाटला.

आणि जमलेच तर एखाद्या वर्षी परीक्षक मंडळात असा एक माणूस घ्या ज्याने पाट वळवला आहे, मिठागरात राबला आहे किंवा भट्टीवर रात्र काढली आहे. त्याने साहित्य वाचलेले नसले तरी चालेल. कथा त्याला मोठ्याने वाचून दाखवा आणि तो कुठे विडी पेटवून बाहेर जातो ते पान नंबरासकट टिपून ठेवा.

माझे बाबा आता चढत नाहीत. गुडघे गेले. कुळागरात आता चढायला परराज्यातली मुले येतात, आणि बाबा खाली खुर्चीवर बसून त्यांना सुरी बुडवायला सांगतात. मुलांना ते कोंकणी कळत नाही. सुरी कळते.

कथा या वर्षी पुन्हा पाठवत आहे. पहिल्या पानावर ‘सुपारीची’ हा एक शब्द वाढवला आहे. बाकी समुद्र नाही, आणि माडी होती तशीच आहे.

कळावे,

आपली नम्र,
वाचनालयात काम करणारी एक कथालेखिका
फोंडा, गोवा